राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची पाच दशके : शासकीय सेवेतील आज्ञावलीकारांचा इतिहास

केंद्र आणि राज्य शासनांच्या कारभारात संगणकाचा पद्धतशीर वापर घडवून आणण्यासाठी १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला, म्हणजेच सर्वत्र ‘एनआयसी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेला, २०२६ मध्ये पन्नास वर्षे होत आहेत. या काळात संगणक वातानुकूलित दालनातून तलाठ्याच्या सज्जापर्यंत पोहोचला, आणि त्याबरोबर शासनाचे अनेक नियम कागदावरून आज्ञावलीत, म्हणजे संगणकाला क्रमाक्रमाने काय करायचे ते सांगणाऱ्या सूचनांच्या संचात, उतरले. या आज्ञावली लिहिणारा मोठा वर्ग शासनाच्या कायम सेवेत राहिला, त्यातील अनेकांनी जिल्हाधिकारी कार्यालयात बसून काम केले, आणि महसूल, न्याय, ग्रामविकास अशा खात्यांचे कायदे व रीतिरिवाज त्यांनी प्रत्यक्ष कामातून आत्मसात केले. संस्थेचे यश आणि तिच्या मर्यादा या दोहोंचे मूळ याच रचनेत आहे, आणि पुढील विवेचनात तेच सूत्र धरले आहे.

स्थापनेची पार्श्वभूमी

केंद्र शासनाने १९७० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आयोग स्थापन केला. शासनाच्या मंत्रालयांमध्ये संगणकाधारित माहितीव्यवस्था असावी हा विचार चौथ्या पंचवार्षिक योजनेच्या (१९६९–७४) काळातच पुढे आला होता. मात्र त्या वेळचे सार्वजनिक वातावरण त्याला अनुकूल नव्हते. यंत्रामुळे कारकुनांच्या नोकऱ्या जातील या भीतीने आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थांत कामगार संघटनांनी संगणकाला तीव्र विरोध केला होता, आणि या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली होती, जिचा अहवाल १९७२ मध्ये आला. संगणक आणावा की नाही, हाच ज्या काळात वादाचा विषय होता, त्या काळात नियोजनासाठी आकडेवारी वेळेवर व विश्वसनीय मिळावी या मर्यादित उद्दिष्टावर भर देऊन केंद्राची उभारणी झाली.

या उभारणीचे श्रेय प्रामुख्याने डॉ. एन. शेषगिरी यांच्याकडे जाते. इलेक्ट्रॉनिक्स आयोगाच्या माहिती, नियोजन व विश्लेषण गटाचे प्रमुख म्हणून काम केलेल्या शेषगिरी यांनी १९७६ मध्ये केंद्राची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ त्याचे नेतृत्व केले. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने या प्रकल्पाला ४४ लाख डॉलरचे साहाय्य दिले. परकीय चलनाची टंचाई आणि आयातीवरील निर्बंध यांमुळे संगणक दुर्मीळ असताना हे साहाय्य निर्णायक ठरले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांमध्ये निकाल व नोंदी यांच्या संगणकीकरणाची जबाबदारी केंद्राच्या अभियंत्यांनी पार पाडली, आणि ठरलेल्या दिवशी, देशाच्या नजरेसमोर चालणारी यंत्रणा सरकारी नोकरीतले आज्ञावलीकार उभी करू शकतात, हे त्यातून प्रथमच मोठ्या प्रमाणावर दिसले. नोव्हेंबर १९८४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल झाले आणि लहान संगणक जिल्ह्यांपर्यंत नेण्याचा मार्ग मोकळा झाला.

जिल्ह्यापर्यंतचे जाळे

संस्थेच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी निर्णय १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाला, तो म्हणजे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी संगणक, तो चालवणारा अधिकारी आणि त्याला दिल्लीशी जोडणारा दुवा देण्याचा. त्या वेळच्या दूरध्वनीच्या तारांवर माहितीचे वहन भरवशाचे नसल्यामुळे केंद्राने उपग्रहाचा आधार घेतला. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात लहान तबकडीसारखी अँटेना, दिल्लीत मुख्य भूकेंद्र आणि दोघांमध्ये उपग्रह, अशी ‘निकनेट’ या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था दशकाच्या अखेरीस उभी राहिली. आंतरजाल भारतात सर्वसामान्यांसाठी खुले होण्याच्या (१९९५) कित्येक वर्षे आधी अनेक जिल्ह्यांची मुख्यालये या जाळ्यामुळे राज्यांच्या राजधान्यांशी आणि केंद्र शासनाशी जोडली गेली होती. १९८८ मध्ये संस्था नियोजन आयोगाच्या कक्षेत आणली गेली, यावरूनही तिचे काम त्या काळी मुख्यतः नियोजनाला माहिती पुरवण्याचे मानले जात होते, हे स्पष्ट होते.

या जाळ्यावर चालण्यासाठी जिल्ह्याच्या विविध क्षेत्रांची माहिती एकत्र करणारा ‘डिस्निक’ कार्यक्रम आणि जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणांसाठी लाभार्थी व खर्च यांचा हिशेब ठेवणारी ‘क्रिस्प’ ही आज्ञावली तयार झाली. या प्रणालींचा वापर सर्वत्र सारखा झाला नाही, कारण खालून येणारी आकडेवारी मुळात कागदी नोंदवह्यांतून उतरवलेली असे आणि तिचा उपयोग जिल्ह्यापेक्षा वरच्या कार्यालयांनाच अधिक होता. परंतु या टप्प्यावर निर्माण झालेले जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी हे पद टिकले आणि पुढील सर्व कामाचा कणा बनले. या पदाची रचना वैशिष्ट्यपूर्ण आहे. हा अधिकारी केंद्र शासनाचा, वैज्ञानिक संवर्गातील, पण बसतो राज्याच्या जिल्हाधिकाऱ्याच्या आवारात. महसूल यंत्रणेवर त्याचा कोणताही हुकूम चालत नाही, तरी निवडणुकीच्या मतमोजणीपासून पूरपरिस्थितीच्या बैठकीपर्यंत त्याला बोलावणे येते. कोणता तक्ता कोण भरतो, कोणती सही कशासाठी लागते आणि कोणता नियम व्यवहारात कसा वाकवला जातो, याचे ज्ञान या बैठकांमधूनच त्याच्यापर्यंत पोहोचत गेले.

भूमी अभिलेख : वर्ध्यापासून ई-फेरफारपर्यंत

हे ज्ञान सर्वाधिक कसाला लागले ते जमिनीच्या नोंदींत. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना देशातील ८ जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता, आणि तांत्रिक बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. या योजनेचे पहिले मोठे फळ मात्र शेजारच्या कर्नाटकात दिसले. २०००-०१ च्या सुमारास तेथे केंद्राच्या बेंगळुरू येथील चमूने महसूल विभागासाठी तयार केलेली ‘भूमी’ प्रणाली १७७ तालुक्यांत सुरू झाली, हस्तलिखित उताऱ्यांची वैधता संपवण्यात आली, आणि फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकाली काढण्याचे बंधन प्रणालीनेच घातले. अर्ज मागेपुढे करण्याचा अधिकार कर्मचाऱ्याच्या हातून गेला, हा त्यातील प्रशासकीय बदल तांत्रिक बदलापेक्षा मोठा होता.

महाराष्ट्रातील काम अधिक गुंतागुंतीचे होते, कारण सातबारा हा दोन गाव नमुन्यांचा मिळून बनतो. नमुना ७ हे अधिकार अभिलेख पत्रक, ज्यात भोगवटादार, क्षेत्र, आकार आणि इतर हक्क असतात. नमुना १२ ही पिकांची नोंदवही. राज्यातील सुमारे ४४ हजार गावांच्या या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या हाताने लिहिल्या गेल्या होत्या, त्यांत आणेवारीचे अपूर्णांक होते, खाडाखोड होती, आणि एकाच खातेदाराचे नाव दोन गटांत दोन प्रकारे लिहिलेले आढळत होते. प्रारंभीच्या संगणकीकरणात या नोंदी जशा दिसल्या तशा टंकलिखित झाल्या, त्यामुळे मूळच्या चुकांत टंकनाच्या चुकांची भर पडली, आणि क्षेत्राची बेरीज जुळत नसल्याचे अनेक उतारे निघाले. केंद्राच्या पुणे येथील चमूने राज्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयाबरोबर विकसित केलेल्या ‘ई-फेरफार’ प्रणालीत म्हणूनच नवीन नोंदी घेण्याच्या सोयीइतकेच महत्त्व जुन्या नोंदी तपासून दुरुस्त करण्याच्या सोयीला द्यावे लागले. २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचनाचा कार्यक्रम घेऊन संगणकीकृत सातबारा ग्रामस्थांसमोर वाचून दाखवण्यात आला आणि हस्तलिखिताशी न जुळणाऱ्या नोंदींवर आक्षेप मागवण्यात आले. नोंदींच्या शुद्धतेची खात्री करण्यासाठी महसूल यंत्रणेने जुन्या रूढ पद्धतीचाच आधार घेतला, हे येथे लक्षणीय आहे.

ई-फेरफारचे कार्य महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील तरतुदींशी पायरीपायरीने बांधलेले आहे. जमिनीचे खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवले गेले की केंद्रानेच विकसित केलेल्या ‘आय-सरिता’ या दस्तनोंदणी प्रणालीतून व्यवहाराचा तपशील तलाठ्याच्या (ज्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे) संगणकावर येतो. तो गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, यात नोंद धरतो आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो. संहितेने हरकतींसाठी ठेवलेली १५ दिवसांची मुदत संपल्याखेरीज मंडळ अधिकाऱ्याला ती नोंद प्रमाणित करता येत नाही, आणि हरकत आलीच तर प्रकरण नमुना ६-अ, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांची नोंदवही, याकडे वळते. नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो. पूर्वी मुदत पाळली गेली की नाही हे दप्तर तपासणीत कळत असे, आणि तेही कळलेच तर. आता मुदत हा प्रणालीचाच भाग झाला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा कोठूनही मिळू लागला आणि उताऱ्यासाठी सज्जाचे हेलपाटे घालण्याची गरज बऱ्याच अंशी संपली. तरीही ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे उत्तर राज्यातील शेतकऱ्याच्या परिचयाचे आहे, आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी संहितेच्या कलम १५५ खालील अर्जांचा ओघ पाहता शुद्धतेचे काम संपलेले आहे असे म्हणता येत नाही.

वारणेचा प्रयोग

प्रत्येक प्रयोग असा रुजला नाही. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणेचा सहकार समूह यांच्या सहभागातून, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या तांत्रिक साहाय्याने, हाती घेण्यात आला. पीकसल्ला, बाजारभाव, शासकीय सेवा असे अनेक हेतू त्यामागे होते. प्रत्यक्षात गावातील संगणकांचा मुख्य उपयोग ऊसनोंदणी, तोडणीचा क्रम आणि वजनाच्या पावत्या या साखर कारखान्याच्या कामापुरता राहिला. पुढे, दशकभराच्या आतच, हेच काम संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशांनी अधिक स्वस्तात होऊ शकते, असे तेथेच झालेल्या एका संशोधन-प्रयोगातून दिसून आले. शेतकऱ्याला ज्या माहितीची रोज गरज होती तेवढीच टिकली, आणि वरून ठरवलेल्या सेवांना ग्राहक मिळाला नाही, हा वारणेचा धडा पुढील योजनांसाठी मोलाचा होता.

न्यायालयीन कामकाज

सर्वोच्च न्यायालयात केंद्राचे काम १९९० च्या सुमारास सुरू झाले. एकाच कायदेशीर मुद्द्यावरील प्रकरणे शोधून त्यांचे गट पाडणे आणि ती एकत्र सुनावणीस लावणे, हे निबंधक कार्यालयाला हाताने अशक्य असलेले काम संगणकामुळे शक्य झाले. जिल्हा व तालुका न्यायालयांसाठीच्या ई-न्यायालय प्रकल्पाचा पहिला टप्पा २००७ ते २०१५ या काळात झाला, आणि त्यासाठी लागणारी ‘केस इन्फर्मेशन सिस्टीम’ ही मूळ आज्ञावली पुण्यातील चमूने विकसित केली. ती मुक्त स्रोत साधनांवर, म्हणजे ज्यांचा मूळ मजकूर कोणालाही पाहता व बदलता येतो आणि ज्यांसाठी परवाना शुल्क द्यावे लागत नाही अशा साधनांवर, उभारण्याचा निर्णय दूरदृष्टीचा ठरला, कारण हजारो न्यायालयांसाठी परवान्यांचा खर्च वाचला आणि एका विक्रेत्यावरील अवलंबन टळले.

या आज्ञावलीची रचना दोन थरांची आहे. देशभर समान असा गाभा आणि प्रत्येक उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार बदलणारा परिघ, अशी ही विभागणी आहे, कारण दिवाणी प्रक्रिया संहिता एक असली तरी प्रकरणांचे प्रकार, नोंदवह्या आणि नक्कल अर्जांच्या रीती राज्यागणिक वेगळ्या आहेत. प्रत्येक प्रकरणाला १६ चिन्हांचा एकमेव क्रमांक दिला जातो, ज्यातील पहिली २ अक्षरे राज्य, पुढील २ अक्षरे जिल्हा, त्यानंतरचे २ अंक न्यायालयाची आस्थापना, ६ अंक अनुक्रम आणि शेवटचे ४ अंक वर्ष दाखवतात. या एका क्रमांकावरून पुढची तारीख पक्षकाराला घरबसल्या पाहता येते. पूर्वी हीच माहिती वकिलाच्या कारकुनाकडून किंवा न्यायालयाच्या पट्टेवाल्याकडून मिळवावी लागे. २०१५ मध्ये जिल्हा न्यायालयांची प्रलंबित प्रकरणे दाखवणारे राष्ट्रीय न्यायिक माहितीजाल सर्वांसाठी खुले झाले, आणि दिरंगाईची चर्चा अंदाजाऐवजी न्यायालयनिहाय आकड्यांवर होऊ लागली.

रोजगार हमी आणि आज्ञावलीतील नियम

महाराष्ट्राने १९७७ मध्ये कायद्याचे रूप दिलेल्या रोजगार हमीचा विचार २००५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर नेला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी केंद्राने ‘नरेगासॉफ्ट’ ही प्रणाली उभारली. कोणत्या गावात कोणाला किती दिवस काम मिळाले, हजेरीपटावर कोणाची नावे आहेत आणि मजुरी कधी निघाली, ही माहिती त्यामुळे कोणालाही पाहण्यास खुली झाली. सामाजिक अंकेक्षण करणारे, म्हणजे गावातच नोंदींची जाहीर पडताळणी घेणारे कार्यकर्ते तिचा उपयोग करून खोटी हजेरी उघडकीस आणू लागले. शासनाने स्वतःच्या आज्ञावलीकारांकडून घडवलेल्या प्रणालीने शासनालाच प्रश्न विचारण्याचे साधन नागरिकांच्या हाती दिले, हे या कामाचे मोठे मोल आहे.

याच प्रणालीने दुसरी बाजूही दाखवली. मजुरी १५ दिवसांत न मिळाल्यास भरपाई देण्याची तरतूद कायद्यात असताना प्रणालीतील गणित स्थानिक कार्यालयाने देयक-आदेश काढेपर्यंतचाच विलंब मोजत असे, आणि त्यानंतर केंद्र शासनाच्या स्तरावर होणारा विलंब हिशेबातच येत नसे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने मजुराचा हक्क अशा टप्प्यांच्या विभागणीने कमी होऊ शकत नाही अशी भूमिका घेतली. आज्ञावलीतील एका व्याख्येने कायद्याचा लाभ आकुंचित होऊ शकतो, आणि ती व्याख्या ठरवणारे धोरणकर्ते व ती लिहिणारे तंत्रज्ञ यांच्यात जबाबदारी कोणाची हे बाहेरून कळत नाही, हा धडा त्यातून मिळाला. जानेवारी २०२३ पासून कामाच्या जागी दिवसातून दोनदा छायाचित्रासह मोबाईलवर हजेरी सक्तीची झाल्यावर, जेथे नेटवर्क मिळत नाही तेथे केलेले काम नोंदले जात नाही, अशा तक्रारी आल्या, त्याही याच स्वरूपाच्या होत्या.

बदलती भूमिका

१९९५ मध्ये खरेदी व कंत्राटी मनुष्यबळ यांसाठी ‘एनआयसीएसआय’ ही स्वतंत्र कंपनी केंद्राच्या अंतर्गत निघाली, आणि १९९९ मध्ये माहिती तंत्रज्ञान मंत्रालय निर्माण झाल्यावर केंद्र त्या मंत्रालयाकडे आले. मे २००६ मध्ये मान्यता मिळालेल्या राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेनंतर पारपत्र सेवेसारखी मोठी कामे खासगी कंपन्यांकडे गेली, आणि केंद्राच्या वाट्याला स्वतःच्या प्रणालींबरोबर पायाभूत सुविधांचे कामही मोठ्या प्रमाणात आले. हैदराबाद (२००८), पुणे (२०१०), दिल्ली (२०११) आणि भुवनेश्वर (२०१८) येथील राष्ट्रीय माहिती केंद्रे, २०१४ मधील ‘मेघराज’ ही शासकीय क्लाऊड सेवा आणि २०१२ मधील खुल्या माहितीचे व्यासपीठ ही या टप्प्याची ठळक कामे होत. जिल्ह्यांमध्ये मात्र कंत्राटी आज्ञावलीकारांचे प्रमाण वाढले, आणि कंत्राट संपताच प्रणालीची आतली माहितीही त्यांच्याबरोबर जाऊ लागली.

भार आणि घाई यांचे परिणामही या काळात दिसले. मालवाहतुकीसाठी केंद्राने विकसित केलेली ई-वे बिल प्रणाली १ फेब्रुवारी २०१८ रोजी देशभर लागू होताच कोलमडली, अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली, आणि क्षमता वाढवून ती १ एप्रिलपासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाली. एप्रिल २०२० मध्ये स्वयंसेवी तंत्रज्ञांच्या साहाय्याने अल्पावधीत तयार झालेल्या ‘आरोग्य सेतू’ या कोविड-संपर्क शोधणाऱ्या मोबाईल उपयोजनाच्या बाबतीत, ते नेमके कोणी घडवले याचे समाधानकारक उत्तर माहिती अधिकारात न मिळाल्याने त्याच वर्षी केंद्रीय माहिती आयोगाने केंद्राला नोटीस काढली. सार्वजनिक प्रणालीच्या जन्माची नोंद ठेवणे हाही शासकीय कर्तव्याचा भाग आहे, हे त्या प्रकरणाने अधोरेखित केले.

मूल्यमापन

इतर देशांत हे काम बरेच उशिरा संघटित झाले. ब्रिटनमध्ये शासकीय डिजिटल सेवा २०११ मध्ये निघाली, आणि अमेरिकेत आरोग्यविम्याचे संकेतस्थळ ऑक्टोबर २०१३ मध्ये कोसळल्यानंतर, २०१४ मध्ये, उद्योगातील आज्ञावलीकारांना मुदतीच्या नेमणुकीवर शासनात आणणारी पथके उभी राहिली. त्या पथकांनी वापरकर्त्याची प्रत्यक्ष गरज तपासण्याची आणि काम उघडपणे करण्याची जी शिस्त घालून दिली, ती भारतीय केंद्राने पूर्णपणे अंगीकारलेली नाही. त्याच्या बहुतेक प्रणालींचा मूळ मजकूर आजही सार्वजनिक नाही. परंतु अमेरिकेतील ‘१८ एफ’ हे पथक मार्च २०२५ मध्ये एका आदेशासरशी बंद झाले, तर भारतीय केंद्र मंत्रालये बदलूनही पन्नास वर्षे अखंड चालू राहिले. वर्ध्यातील पहिल्या नोंदींपासून डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यापर्यंत तीन दशके लागली, आणि इतका दीर्घ पाठपुरावा मुदतीच्या नेमणुकांवर चालणाऱ्या संस्थेकडून होणे कठीण होते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, जेथे आज्ञावलीकार, नियम अमलात आणणारा कर्मचारी आणि त्या नियमाचा लाभार्थी एकमेकांच्या आवाक्यात राहिले, तेथे प्रणाली सुधारत गेली. जेथे नियम दूरवर ठरला आणि आज्ञावलीत बंद झाला, तेथे दुरुस्तीसाठी न्यायालयापर्यंत जावे लागले. जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्याचे पद सक्षम ठेवणे, कंत्राटी कामाचे ज्ञान संस्थेत साठवणे आणि प्रणालीत बसवलेले नियम नागरिकांना वाचता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करणे, ही सहाव्या दशकातील कामे या निष्कर्षातूनच ठरतात. त्यांपैकी पहिली दोन संस्थेच्या परंपरेत बसतात. तिसऱ्यासाठी तिला स्वतःच्या कामाची पद्धत बदलावी लागेल.